ओल्या शर्टाची घडी

पाकीट प्लास्टिकचं होतं.

कागदबाईंनी ते खिडकीच्या उजेडात धरलं. आतल्या बाजूने पाण्याचे बारीक थेंब जमले होते आणि त्यामागे एका निळ्या शर्टाचा बोळा कोंबलेला दिसत होता. त्यांनी डोळे मिटले. तोंडातून भलतंसलतं काही निघू नये म्हणून ओठही मिटून घेतले. पण जो सुस्कारा बाहेर पडला तो पलीकडच्या विषविभागापर्यंत गेला आणि तिथल्या लोकांनी ओळखलं, आज पुन्हा प्लास्टिक आलंय.

न्यायवैद्यक प्रयोगशाळेत रक्ताच्या डागांचा विभाग त्यांच्याकडे होता. पोलिसांनी पाठवलेले कपडे, चादरी, कधी एखादी मोडकी खुर्चीसुद्धा समोर घ्यायची आणि त्यावरचा डाग कुणाचा, तो उडाला की झिरपला की नुसता पुसला गेला, हे शोधून अहवाल लिहायचा. या कामातली पहिली आणि सगळ्यात सोपी गोष्ट अशी, की ओला कपडा आधी सावलीत पसरून वाळवायचा आणि मग कागदाच्या पिशवीत भरायचा. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते, बुरशी धरते, आणि कोर्टात ज्याच्यावर सगळं अवलंबून तेच रक्त कुजून जातं. बाईंनी हे पोलिसांच्या वर्गांत सांगितलं होतं. भिंतीवर लावायला तक्ते छापून पाठवले होते. फोनवर सांगता सांगता त्यांचा घसा बसला होता आणि ऐकणाऱ्यांचे कान किटले होते. कागद, कागद, कागद. एवढ्या वर्षांत त्याचा एकच परिणाम झाला, त्यांना कागदबाई हे नाव पडलं.

घरीही फार वेगळं नव्हतं. नवरा सकाळी पोहायला जायचा आणि ओले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर घट्ट गाठ मारून, बॅगेच्या तळाशी विसरायचा. खोलीत वास सुटला की शोधाशोध सुरू व्हायची. "अगं पण गाठ मारली होती की मी," असं तो दरवेळी म्हणायचा. नवरा रक्ताच्या नात्यातला नसतो हे एक बरं आहे, नाहीतर हा गुण मुलीत उतरला म्हणून आपल्यालाच दोष लागला असता, असं बाईंना वाटे. मुलीत तो तसाही उतरला होता.

त्यांनी हातमोजे चढवले, पाकीट कापलं आणि बोळा टेबलावर मोकळा केला. पाठीवर करड्या बुरशीची नक्षी उठली होती. वास असा, की खिडकी उघडावी लागली. एवढ्यात फोन वाजला.

"मॅडम, शर्ट पोचला का?" तपास करणारे इन्स्पेक्टर होते. आवाजात काम झाल्यासारखा आनंद.

"पोचला. प्लास्टिकमध्ये पोचला."

"हो हो, ते जरा घाईत झालं. तुम्ही बाकीचं सोडा, फक्त उजवी बाही बघा. कोपराच्या खाली थेंबांची रांग आहे. काठी उगारली की बाहीवर असंच उडतं ना? तुम्हीच शिकवलं होतं वर्गात."

दिवसभराच्या त्या वर्गात बाई कागदाच्या पिशवीवर सकाळभर बोलल्या होत्या आणि उडालेल्या थेंबांवर चहाच्या आधी थोडंसं. साहेबांच्या लक्षात नेमकं चहाच्या आधीचं राहिलं होतं.

इन्स्पेक्टरांनी प्रकरण सांगितलं. वरच्या मजल्यावर झोपायची खोली असलेलं एक छोटं घर. त्यात एकटे राहणारे एक म्हातारे गृहस्थ. त्यांना उठवायला, आंघोळ घालायला, औषधं द्यायला एक मदतनीस दिवसभर असायचा. त्या दिवशी आरडाओरडा ऐकून शेजारीण आत आली तेव्हा म्हातारे जिन्याच्या पायथ्याशी होते, डोकं फुटलेलं, आणि मदतनीस त्यांना छातीशी धरून बसला होता. इस्पितळाची गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं. आजोबा जिन्यावरून पडले, मी उचललं, असं मदतनीस म्हणत होता. शेजारीण म्हणत होती की दोघांची रोज जुंपायची. औषध घ्या म्हणून हा ओरडायचा आणि घेत नाही म्हणून ते ओरडायचे.

"आणि मॅडम, आणखी एक," इन्स्पेक्टर म्हणाले. "कोठडीत तो सारखा एकच विचारतो. आजोबा नक्की कधी गेले? मी उचललं तेव्हा होते का? आता सांगा, ज्याने काही केलं नाही तो हे कशाला विचारेल? आम्हाला किती कळलंय ते त्याला काढून घ्यायचंय."

"मला काय कळतंय ते मी अहवालात लिहीन," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्या माणसाचं सगळं आता या बाहीवर येऊन ठेपलं होतं. काठी जिन्यात पडलेली सापडली होती, पण ती म्हाताऱ्यांचीच होती आणि तिच्यावर दोघांच्याही हाताचे ठसे असणारच होते. जखम पडूनही होऊ शकली असती आणि मारूनही. साक्षीदार कुणी नाही. बाहीवरचे थेंब उडालेले ठरले तर तो माणूस जन्मभर आत राहणार होता, आणि नाही ठरले तर पोलिसांकडे दुसरं काही नव्हतं.

बाईंनी शर्ट पांढऱ्या कागदावर नीट पसरला. छातीवर डाव्या बाजूला एक मोठा डाग झिरपलेला होता. रक्ताळलेलं काही छातीशी धरून ठेवलं की पडतो तसा. याबद्दल वाद नव्हता, त्याने धरलं होतं हे सगळेच म्हणत होते. डाव्या खांद्याजवळ, गळपट्टीवर, अगदी बारीक ठिपके होते. आणि उजव्या बाहीवर ती साहेबांची लाडकी रांग.

त्यांनी बाही सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि बराच वेळ मान वर केली नाही.

जोरात उडून आलेला थेंब कापडावर आदळतो, धाग्यांत शिरतो, जाताना एका बाजूला शेपूट सोडतो. या ठिपक्यांना शेपूट नव्हतं. ते धाग्यांच्या फक्त वरच्या अंगाला लागलेले होते, खाली दोऱ्यांच्या खाचांत कापड निळंच्या निळं. शिक्का उठवावा तसं. म्हणजे हे रक्त उडून आलेलं नव्हतं, कशाला तरी चिकटून आलेलं होतं. एक ठिपका तर चांगलाच वाकडा होता, कोयरीसारखा, टोक उजवीकडे वळलेला. अशीच एक कोयरी बाईंनी नुकतीच पाहिली होती. त्यांनी शर्ट पुन्हा पसरला. छातीवरच्या डागाच्या काठाला ती होती. तीच कोयरी, फक्त टोक डावीकडे वळलेलं.

त्यांनी पारदर्शक कागद घेतला, छातीच्या डागाचा काठ गिरवला, कागद उलटा केला आणि बाहीवर ठेवला. ठिपक्यावर ठिपका बसला. एकही इकडेतिकडे नाही.

म्हणजे शर्ट ओला असताना ही बाही या छातीवर टेकली होती, आणि चांगली दाब देऊन टेकली होती. बाईंना क्षणभर बरं वाटलं. मग लगेच राग आला, कारण पुढचा प्रश्न समोर उभाच होता. बाही छातीवर येईल कशी? अंगात असताना हात असा वळत नाही. आणि शर्टाची घडी घातली म्हणावं, तर शहाणा माणूस बाह्या पाठीमागे दुमडतो. शिवाय शर्ट तर बोळा होऊन आला होता.

त्यांनी इन्स्पेक्टरांना फोन लावला. "शर्टाची घडी कुणी घातली होती?"

"घडी? मॅडम, बोळा बघितलात ना तुम्ही?"

"त्याच्या आधी."

"आधी काही नाही. अंगावरून काढला, पिशवीत टाकला, सील केलं. कशाला कोण घडी घालत बसेल?"

"मधे उघडला होता का? कुणाला दाखवायला, फोटोला?"

"सील केलेली वस्तू उघडत नसतात हो मॅडम," इन्स्पेक्टर म्हणाले, आणि ते इतक्या गोड आवाजात म्हणाले की बाईंचा त्यांच्यावरचा होता नव्हता तो विश्वासही उडाला.

पुढचे काही दिवस वाईट गेले. काहीतरी चिकटून आलंय असं अहवालात लिहिता आलं असतं, पण कशाने ते सांगता आलं नसतं, आणि सरकारी वकिलांनी त्याच्या चिंध्या केल्या असत्या. तुमच्या टेबलावरच बोळा सोडताना लागलं नसेल कशावरून, असं विचारलं असतं. रक्त तेव्हा वाळलेलं होतं, असं त्या म्हणाल्या असत्या. पाकिटात पाणी होतं असं तुम्हीच लिहिलंय, असं ते म्हणाले असते. प्लास्टिकने खुनाचा तपास बिघडवला तो बिघडवलाच, वर बाईंचीच जीभ बांधून ठेवली. घरी त्या सगळ्यांवर डाफरत होत्या. नवऱ्याने एकदा धीर करून विचारलं, "माझं काही चुकलंय का?" तेव्हा त्यांनी त्याला बॅगेच्या तळाशी पाहायला सांगितलं. तिथे खरोखरच एक पिशवी निघाली.

मग त्याच ठाण्याहून दुसरं एक पाकीट आलं. दुकानफोडीतलं जॅकेट होतं, कुणाचा तरी काचेने हात कापलेला. पाकीट अर्थातच प्लास्टिकचं. आत जॅकेटची घडी अशी, की आत्ता फडताळातून काढून द्यावी. या ठाण्याचे कपडे वर्षानुवर्षं असेच यायचे. तिथे जप्तीच्या वस्तू भरणारा एक हवालदार होता. त्याच्या स्वतःच्या गणवेशावर कधी एक चुणी कुणी पाहिली नव्हती आणि सगळं खातं त्याला कडक इस्त्री म्हणायचं. त्याच्या घड्यांबद्दलही बाईंनी पुष्कळदा कळवलं होतं. कपड्याच्या थरांत कागद घाला, एकावर एक डाग येऊ देऊ नका. ते तर सोडाच, दरवेळी घडी आणखी सुबक व्हायची. हा माणूस आपल्याला चिडवायला नोकरीत आलाय, असं त्यांना वाटायचं.

आजही त्या टेबलावर हात आपटणार होत्या. हात वरच राहिला.

जॅकेटच्या दोन्ही बाह्या पुढे होत्या. छातीवर आडव्या, एकीवर एक, जेवून तृप्त झालेला माणूस हात ठेवून पडतो तशा.

बाईंनी सगळ्यात आधी फोटो काढले. मग खुर्चीत बसल्या आणि स्वतःशीच हसल्या, पण ते हसू काही बरं नव्हतं. एवढी वर्षं डोळ्यांपुढून या घड्या जात होत्या, आपण नुसत्या करवादत होतो आणि पाहत मात्र नव्हतो.

कडक इस्त्री दुसऱ्या दिवशी दुपारी आला. जॅकेटच्या चिठ्ठीत दुरुस्ती आहे एवढंच त्याला सांगितलं होतं. पन्नाशीचा, ताठ, मिशांनाही इस्त्री केलेली. त्याने टोपी काढून काखेत धरली आणि खुर्चीच्या कडेवर बसला, पँटची घडी मोडू नये म्हणून.

चिठ्ठी झाली. बाईंनी टेबलावर एक पांढरा शर्ट पसरला. तो त्यांच्या नवऱ्याचा होता. सकाळपासून तो घरी हा शर्ट शोधत होता आणि सगळं कपाट त्याने पलंगावर काढून ठेवलं होतं. बाईंनी लाल शाईची बाटली उघडली आणि शर्टाच्या डाव्या छातीवर हिशेबाने ओतली.

"हा ओला डाग आहे असं समजा," त्या म्हणाल्या. "जप्तीत आलाय. कसा भरता ते दाखवा."

"मॅडम, काही चुकतंय का आमचं?"

"आधी दाखवा."

त्याने हातमोजे घातले. एकदा कपड्याला हात लागल्यावर त्याला आठवण करून द्यावी लागली नाही. गळपट्टी उभी केली, वरचं बटण लावलं, उजवी बाही उचलून छातीवर आणली, तळहाताने दाबून सपाट केली, तिच्यावर डावी. मग कडा, मग तळ. हात असे चालत होते की पाहत राहावं.

"बाह्या पुढे का घेता?" बाईंनी विचारलं.

"मागे दुमडल्या की पाठीवर वळ उठतो, तो जात नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच मोकळा झाला. "वडील इस्पितळाच्या धुलाईखान्यात होते. डॉक्टरांचे कोट त्यांच्या हातचे. ते म्हणायचे, कपडा उलगडला की माणसाला बरं वाटलं पाहिजे. मी तसंच घालतो. जप्तीचा असला म्हणून काय झालं, कुणाच्या तरी अंगातलाच असतो ना तो."

"उलगडा," बाई म्हणाल्या.

त्याने उलगडला. डावी बाही, मग उजवी. उजव्या बाहीवर कोपराच्या खाली लाल ठिपक्यांची रांग होती.

बाईंनी निळ्या शर्टाचा मोठा फोटो शेजारी ठेवला. तो एकदा इकडे पाहत होता, एकदा तिकडे. त्याने टोपी काखेतून काढून मांडीवर ठेवली, मग पुन्हा काखेत घेतली.

"हा मीच भरला होता," तो शेवटी म्हणाला. "त्या घरातच. ओला होता. साहेब म्हणाले, लवकर आवर, लोक जमलेत."

"मग बोळा कुणी केला?"

त्याने टोपीची कड चाचपली.

"साहेब म्हणतात, मधे कुणी उघडला नाही."

"वरच्या साहेबांना दाखवायला उघडला होता," तो जमिनीकडे पाहत म्हणाला. "मग तसाच नव्या पिशवीत कोंबला. मी म्हटलं, मी घालतो घडी. साहेब म्हणाले, तुला दुसरं काही सुचतं का रे."

"हे कोर्टात सांगाल?"

"मॅडम, माझ्यावर चौकशी बसेल. साहेबांच्या विरुद्ध बोललो असं होईल. रिटायर व्हायला आलोय मी."

बाईंचा तोल गेला. "आणि तो माणूस? तुम्ही बाही छातीवर ठेवलीत म्हणून तो आत बसलाय. मी किती वेळा कळवलं होतं, थरांत कागद घाला. पाठवलेला तक्ता कुठे लावलाय तुम्ही?"

"लावलाय," तो हळूच म्हणाला. "मुद्देमालाच्या खोलीत. फ्रेम करून लावलाय."

बाईंनी अक्षरशः कपाळाला हात लावला. कडक इस्त्री उठला, सलाम केला आणि गेला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. जाताना दारात एकदा थांबला, तेव्हा बाईंना वाटलं काहीतरी बोलेल. पण तो परत आला, त्याने टेबलावरच्या लाल डागाच्या शर्टाकडे पाहिलं, घडीसाठी हात पुढे केला, तो मागे घेतला आणि गेला.

अहवालात बाईंनी बाहीबद्दल स्वच्छ लिहिलं. बाहीवरचे डाग उडालेले नसून ओल्या अवस्थेत घडी घातल्यामुळे छातीवरून उमटलेले आहेत. मग गळपट्टीवरच्या बारीक ठिपक्यांकडे वळल्या. इन्स्पेक्टर उद्या बाही सोडून तिथे चिकटले असते. हे ठिपके इतके बारीक होते की अंगाच्या उबेने ते आधीच वाळले होते, म्हणून तिथे बुरशी पोचली नव्हती. सूक्ष्मदर्शकाखाली त्या ठिपक्यांच्या मधोमध बारीक कडी दिसत होती. बुडबुडा फुटून वाळला की राहते तशी. रक्तात हवा मिसळल्याशिवाय बुडबुडे येत नाहीत. हे रक्त काठीने उडवलेलं नव्हतं. नाकातोंडात रक्त असलेल्या कुणीतरी ते खांद्याशी श्वासाबरोबर सोडलं होतं. तेही त्यांनी एका ओळीत लिहिलं आणि अहवाल पाठवून दिला.

"माझा पांढरा शर्ट कुठंय?" नवऱ्याने रात्री जेवताना विचारलं.

"साक्षीला गेलाय," बाई म्हणाल्या.

कोर्टात सरकारी वकील बाईंवर नाराज होते. बाई सरकारच्या, साक्ष आरोपीच्या कामाची, म्हणजे घरचाच माणूस उलटल्यासारखं त्यांना वाटत होतं.

"म्हणजे आरोपीने मारलं नाही असं तुम्ही खात्रीने सांगू शकता?"

"नाही. ते मला सांगता येत नाही."

"मग तुम्ही सांगताय तरी काय?"

"बाहीवरचे डाग घडीतून आलेत, एवढंच."

"पण तपास अधिकारी सांगतात, घडी घातलीच नव्हती."

"मी त्या वेळी तिथे नव्हते," बाई म्हणाल्या. हवालदार टेबलाशी जे बोलला ते त्याने स्वतः सांगितल्याशिवाय कोर्टात ऐकीव ठरलं असतं. आपण सगळं बरोबर बोलतोय आणि तरी हा खटला हातातून चाललाय, हे त्यांना दिसत होतं. साक्षीच्या पिंजऱ्यापलीकडे मदतनीस बसला होता. चाळिशीचा असेल, पडेल खांद्यांचा. सगळे बोलत होते तेव्हा तो खाली पाहत होता. बाईंनी गळपट्टीवरच्या श्वासाचं सांगितलं तेव्हा मात्र त्याने मान वर केली आणि मग खाली घातलीच नाही.

बाईंनंतर कडक इस्त्रीला बोलावलं. त्याच्या गणवेशाची घडी तशीच होती. पहिल्या बाकावर इन्स्पेक्टर हाताची घडी घालून बसले होते आणि त्याच्याकडे एकटक पाहत होते. तो मूग गिळून बसणार, असं बाईंनी धरूनच ठेवलं होतं. आरोपीच्या वकिलांनी विचारलं, शर्ट जप्त केल्यावर काय केलंत?

"घडी घातली," तो म्हणाला. "ओलाच होता. बाह्या पुढे घेतल्या, मी नेहमी घेतो तशा. उजवी आधी. नंतर तो ठाण्यात उघडला आणि पुन्हा भरला. तेव्हा मी भरला नाही." मग न विचारताच म्हणाला, "कागद घालायचा असतो मधे. भिंतीवर लिहिलेलं आहे. मी घातला नाही."

बोलताना तो एकदाही इन्स्पेक्टरांकडे वळला नाही. त्याची चौकशी लागली ती त्याच महिन्यात, आणि त्याला मुद्देमालातून काढून दाराशी रजिस्टर सांभाळायला बसवलं. त्याच्या जागी आलेल्या माणसाकडून पहिलं पाकीट आलं ते प्लास्टिकचं होतं.

निकाल लागला त्या दिवशी बाई दुसऱ्याच कुठल्या खटल्यासाठी कोर्टात आल्या होत्या. समन्स सकाळचं होतं, पुकारा काही होत नव्हता, बसायला बाक रिकामा नव्हता आणि पंखा फक्त वकिलांच्या अंगावर फिरत होता. त्या भिंतीला टेकून मनातल्या मनात व्यवस्थेला शिव्या घालत असताना समोर कुणीतरी येऊन उभं राहिलं. मदतनीस होता. अंगात नवा, मापाला मोठा शर्ट. हातात कपड्यांचं एक गाठोडं.

"सुटलो, मॅडम," तो म्हणाला.

"कळलं मला. बरं झालं." आता हा आभार मानणार, पाया पडणार, मग काय बोलायचं, असा वैताग बाईंना आला. आभार कुणी मानायला लागलं की त्यांना जागा सापडत नसे.

पण त्याने आभार मानले नाहीत. "तुम्ही ते गळपट्टीचं म्हणाला होतात," तो म्हणाला. "श्वासाचं. ते खरंच होतं, की माझ्या वकिलांनी सांगितलं होतं बोलायला?"

"मी कुणाच्या सांगण्यावरून बोलत नाही," बाई फटकारून म्हणाल्या. मग त्याचा चेहरा पाहून आवाज खाली आणला. "खरं होतं."

"म्हणजे मी उचललं तेव्हा आजोबा होते."

इन्स्पेक्टरांनी फोनवर सांगितलेला तो प्रश्न बाईंना आता आठवला. कोठडीत सारखा विचारतो, म्हणून ज्याचा पुरावा केला होता तो. एवढ्या दिवसांत त्याला कुणीही उत्तर दिलं नव्हतं. त्यांनी स्वतःही नाही. अहवालात एक ओळ लिहून त्या मोकळ्या झाल्या होत्या.

"होते," त्या म्हणाल्या. "तुमच्या खांद्याशी श्वास घेत होते."

त्याने गाठोडं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "मी त्यांना सांगत होतो," तो म्हणाला. "गाडी येतेय, थोडं थांबा. आता औषधासाठी ओरडणार नाही म्हणून पण सांगितलं. सकाळीच आमचं वाजलं होतं ना. ते काही बोलेनात. मग वाटलं, मी गेलेल्या माणसाशीच बोलत बसलोय." मग त्याने विचारलं, "त्यांना ऐकू गेलं असेल का?"

बाईंनी तोंड उघडलं. सांगता येत नाही, हे शब्द त्यांच्या जिभेवर तयार होते. आयुष्यभर त्यांनी ते वकिलांना ऐकवले होते, इन्स्पेक्टरांना ऐकवले होते, कधी ताठ मानेने, कधी चिडून. आज पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या खरेपणाचाच संताप आला. हो म्हणावं असं फार वाटलं. तो विश्वास ठेवायला तयारच उभा होता.

"ते शर्टावरून कळत नाही," त्या म्हणाल्या. "तुमचा खांदा आणि त्यांचं तोंड, यांत वीतभरही अंतर नव्हतं. एवढंच मला माहीत आहे."

तो ते ऐकून उभा राहिला. मान हळूहळू हलवत राहिला, कुणीतरी पत्ता सांगावा आणि तो लक्षात ठेवावा तसा.

"तेवढं पुरे," तो म्हणाला.

मग तो जिन्याकडे गेला. पायऱ्यांवर गर्दी होती, वर चढणारे एक म्हातारे गृहस्थ कठडा शोधत होते. त्याने गाठोडं काखेत मारलं, त्यांच्या कोपराला हात दिला, ते वर पोचेपर्यंत थांबला आणि मग खाली उतरला. वर बाईंच्या नावाचा पुकारा सुरू झाला होता. दुसऱ्यांदा झाला तेव्हा त्यांना ऐकू आला.